तन्वीचं गाऱ्हाणं

शेतकऱ्याच्या घरात जन्मून मातीला हात लावायचा नाही, ही शिक्षा कुठल्या जन्माची ते देवच जाणे. तन्वी वीस वर्षांची झाली तरी तिने कधी चिखलात पाय घातला नव्हता की गोठ्यात डोकावून पाहिलं नव्हतं. लावणीच्या दिवसांत सगळं घर शेतात, आणि ही माडीवर खिडकी लावून बसलेली. माती, शेण, ओलं गवत, कुजका पाचोळा, ज्यावर घर जगत होतं तेच तिच्या जिवावर उठलेलं. तिच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी जंतूंना गिळत, पण गिळलेल्याला मारणं त्यांना जमत नसे. बाप गणपतने सख्ख्या मामाची मुलगी केलेली, त्यामुळे रक्तातला दोष दोघांकडूनही तिच्या वाट्याला आला.

धामापूरच्या तळ्यापलीकडच्या त्या वाडीत कोणी याला बाधा म्हणे, कोणी मूळपुरुषाचा कोप. बोट मात्र सगळ्यांचं फिरून फिरून यशोदेकडे, तन्वीच्या आईकडे. गणपतकडे कोणी वाकड्या नजरेनेही पाहिलं नाही. आपल्याकडे ही सोय पुरुषांना जन्मतःच मिळते.

धाकटा सिद्धेश याच दुखण्याने गेला. नऊ वर्षांचा पोर, सगळ्यांची नजर चुकवून गवताच्या उडवीवर चढला, मनसोक्त उड्या मारल्या, हसत घरी आला. मग ताप चढला. थोरला काका महादू हा देवळातला मानकरी, गाऱ्हाणं घालायचा, म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवाला साकडं घालायचा मान त्याचा. त्याने देवाला कौल लावला, ‘पोर घरातच बरो होतलो काय?’ कौल उजवा पडला, म्हणजे हो. पोराला गोव्याच्या इस्पितळात नेलं तोवर छाती बुरशीने भरून गेली होती. तन्वीचा आजार तिथल्या डॉक्टरांनी त्यानंतरच ओळखला; तोवर मातीत गेली की पोरं तापाने फणफणतात, एवढंच घराला माहीत होतं.

तेव्हापासून तन्वी रोज मूठभर गोळ्या गिळते, मास्क लावून कट्टा गावच्या बाजारात मोबाइल दुरुस्त करते आणि कोणी ‘बिचारी’ म्हटलं की त्याच्या अंगावर धावून जाते. गेल्या दिवाळीनंतर गोव्याच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून तिला मुंबईच्या एका इस्पितळाचं बोलावणं आलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं. तुझ्याच रक्तातल्या मूळ पेशी काढायच्या, त्यांच्यातली जनुकाची चूक प्रयोगशाळेत दुरुस्त करायची, जुन्या पेशी जहाल औषधाने मारून जागा रिकामी करायची आणि दुरुस्त केलेल्या परत सोडायच्या. अजून चाचणी चालू आहे. तुझ्याआधी हा उपचार फक्त दोघांना दिलाय. केस जातील, पुढे मूल होईल याची खात्री नाही, आणि जीवही जाऊ शकतो.

“नाहीतर काय करू, मॅडम? खिडकीत बसून म्हातारी होऊ?” तन्वीने विचारलं.

“म्हातारी होशील, एवढीही खात्री मी देऊ शकत नाही,” बाई म्हणाल्या.

तन्वीला हसूच आलं. इतकं सरळ तिच्याशी आजवर कोणी बोललं नव्हतं. तिने तिथल्या तिथे होकार दिला. अट एकच होती, बरेच आठवडे घरचं एक माणूस सोबत राहायला हवं.

आणि घोडं तिथेच अडलं. बापाने नजर खाली घातली ती वर केलीच नाही. आई म्हणाली, “देवान कौल दिल्याशिवाय माका जमाचा नाय गो. उद्या तुका काय झाला तर लोक माकाच खातले.”

“लोक तुका गेली वीस वर्षां खातहत, आये. अजून काय उरला खावक?”

यशोदा नुसती रडली. तन्वीला तिचा रागही आला आणि तिला कुशीत घ्यावंसंही वाटलं.

शेवटी सगळे देवळात जमले. गुरवाने देवाच्या पाषाणाला दोन्ही बाजूंनी ओल्या कळ्या लावल्या. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. महादूकाकाने हात जोडले आणि आवाज चढवला, “बा देवा म्हाराजा! गणपतच्या ह्या चेडवान परमुलखात जावन रगात बदलून घेवचा काय, ता तूच सांग रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” पुरुषांनी साथ दिली.

डावी कळी पडली. महादूकाकाने सुटकेचा श्वास टाकला. त्याचा जीव होता पोरीवर. सिद्धेशला खांद्यावरून मसणात त्यानेच पोचवलं होतं, आणि दुसऱ्यांदा ते करायचं त्याच्यात बळ नव्हतं. लोक उठायला लागले.

तेवढ्यात तन्वी पुढे झाली. तोंडावरचा मास्क काढून तिने खिशात घातला.

“खंय चललंस गो?” काका दचकून म्हणाला. “गाऱ्हाणा बायलमाणसान घालूचा नसता!”

“मगे कान बंद करा, काका.” ती देवासमोर उभी राहिली. “बा देवा म्हाराजा! सिद्धेशच्या वक्ताक तू उजवो कौल दिलंस. तुझी चूक नाय. तेच्या छातीत काय वाढता, ता तुका कोणी सांगूकच नाय.”

साथीला कोणी ब्र काढला नाही. गाऱ्हाण्याला ‘व्हय म्हाराजा’ मिळालं नाही तर ते देवापर्यंत पोचत नाही, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. महादूकाकाचा चेहरा पांढरा पडला होता.

“म्हणान आज मी इचारणय नाय, सांगतंय. रगात माझाच ऱ्हवतला. त्यातली चूक तेवढी दुरुस्त करून माझा माकाच परत देतले. कदाचित मी मरतलंय. पण चलान जावन मरतलंय म्हाराजा, खिडकेत बसान नाय!”

पुन्हा साथ आली नाही. गुरव वाती सारख्या करण्यात गुंग असल्याचं सोंग करत होता. तन्वी हटली नाही.

“आणि माझ्या आवशीक माझ्यावांगडा मुंबैक धाड रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

बायकांच्या रांगेतून आवाज आला, चिरका, फाटलेला. सगळ्यांच्या माना वळल्या. यशोदा उभी राहिली होती. लग्न होऊन आल्यापासून जिने थोरल्या दिरासमोर कधी मान वर केली नव्हती, ती आता महादूच्या डोळ्यांत डोळे घालून बघत होती.

“व्हय म्हाराजा!” ती दुसऱ्यांदा ओरडली, देवळाच्या बाहेर ऐकू जाईल अशी. “भावोजी, ह्या गाऱ्हाण्याक साथ मी दिलंय. चेडवाक काय झाला तर माका खावा. कुडाळ ठेसनार सोडूक रिक्षा तेवढी सांगा.”