जोडीचा सूर

प्रार्थनेची शेवटची ओळ सुरू झाली आणि आक्कांनी भावजयीच्या बरगडीत कोपर मारलं. चुकून लागलेलं नव्हे, चांगलं नेम धरून मारलेलं. भावजय बाकावर वीतभर पलीकडे सरकली. सूर मात्र तिने सोडला नाही.

"मास्तर," गाणं संपताच आक्का म्हणाल्या, "हिची जागा बदला."

गाण्याच्या मास्तरांनी पेटीवरून मान वर केली.

"आत्ता? रविवार तोंडावर आलाय, आक्का."

"म्हणूनच सांगतेय. श्वास घ्यायच्या जागेवर ही श्वास घेत नाही. माझ्या वाट्याचा सूरही हीच ओढते. मला काय शोभेला बसवलंय इथे?"

त्या प्रार्थनाघरात गाणाऱ्या बायकांची एक रीत होती. शेवटचा लांब सूर जोडीजोडीने धरायचा. एकीने श्वास घेतला की दुसरीने सूर पुढे न्यायचा, मग तिने घ्यायचा. ऐकणाऱ्याला कुठे सांधा लागता कामा नये. आक्का त्या सुरासाठी जगत होत्या म्हटलं तरी चालेल. आठवडाभर गाद्यांत कापूस कोंबायचा, नाकातोंडात तंतू जायचे, गिऱ्हाइकांची किरकिर ऐकायची. देव त्यांना कधी दिसला नव्हता. पण तो सूर न तुटता छताला लागला की आपलं हे ओबडधोबड आयुष्यही कुणीतरी मायेने हातात धरलंय, असं त्यांना वाटायचं. रविवारी बाहेरगावची मंडळी ऐकायला येणार होती आणि मास्तरांनी बजावलं होतं, ज्या जोडीचा सूर तुटेल तिने मागे बसून नुसतं ऐकायचं. आक्कांना ती मागची जागा मरणासारखी वाटत होती.

"तुमचं काय म्हणणं?" मास्तरांनी भावजयीला विचारलं.

"वन्सं म्हणताहेत तर असेल तसं," ती म्हणाली आणि चप्पल न सावरताच उठली.

बघा, आली की नाही सोंग घेऊन. आक्कांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दोघी राहायच्या एका घरात, गाद्यांच्या दुकानात बसायच्या एकमेकींकडे पाठ करून. आक्कांचा धाकटा भाऊ खोकून खोकून गेला तेव्हापासूनचं हे. दवाखान्यात नेलं तोवर फार उशीर झाला होता. आक्का येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, भावजयीला ऐकू जाईल अशा बेताने, "शेजारी झोपायची ना? नवऱ्याचा श्वास अडकतोय हे कळायला कान लागतात. हिला देवाने कान दिलेत ते नुसते डूल अडकवायला." भावजयीने त्यावर कधी ब्र काढला नव्हता. ते गप्प बसणंच आक्कांना जास्त झोंबायचं.

मास्तरांनी भावजयीला ओळीच्या पार टोकाला बसवलं आणि पोस्टात काम करणाऱ्या बाईला आक्कांच्या शेजारी आणलं. पेटी वाजली. शेवटची ओळ आली. आक्कांनी छाती भरून सूर लावला. पोस्टातल्या बाईने आपल्या जागेवर श्वास घेतला, आणि सूर तिथेच तुटला.

"कोण सुटलं?"

"मी माझ्याच जागेवर थांबले, मास्तर," पोस्टातली बाई चाचरत म्हणाली. "तेव्हा शेजारून काहीच येत नव्हतं."

"हिला सवय नाही अजून," आक्का म्हणाल्या. "पुन्हा घ्या."

पुन्हा घेतलं. या वेळी आक्कांनी स्वतःकडे लक्ष ठेवलं. ओळ अर्ध्यावरही गेली नव्हती आणि छातीत कापूस ठासून भरल्यासारखं झालं. ओठ उघडेच होते, आवाज नव्हता. हे आजचं नव्हतं. आजवर याच जागेवर आवाज यायचा, आणि त्यात आपलाही आहे, असं त्या समजत होत्या.

सूर पुन्हा तुटला. पोस्टातली बाई रडवेली झाली. तिसऱ्या वेळी आक्का त्या जागेपाशी आल्या, छाती आवळली, आणि सूर तुटला नाही. ओळीच्या टोकावरून कुणीतरी तो नेमका तिथेच उचलला होता.

मास्तरांनी पेटीवर हात आपटला.

"तिकडून कशाला? ती जागा तुमची नव्हती. असली मनमानी इथे चालणार नाही. जा, मागे बसा."

भावजय उठली. आक्कांनी नुसतं गप्प बसायचं होतं. एवढी वर्षं जिला पाण्यात पाहिलं ती आपल्या पायांनी मागे चालली होती. पोस्टातली बाई मान खाली घालून बसली होती.

"तिला इथे आणा," त्या म्हणाल्या.

"तुम्हीच तर म्हणालात..."

"म्हणाले. मला श्वास पुरत नाही." शिवी द्यावी तसं त्यांनी ते वाक्य टाकलं. "तुमचा नियम जोडीचा आहे ना? मग सांगा, आमच्या जोडीचा सूर आजवर तुटला का?"

मास्तरांनी चष्मा पुसला, मग मानेनेच भावजयीला जागा दाखवली. ती येऊन बसली.

"कधीपासून?" आक्कांनी समोर बघतच विचारलं.

"पावसाळ्याच्या आधीपासून. आधी नाकात बारीक शीळ वाजते, मग श्वास अडतो. त्यांचाही असाच अडायचा."

आक्का तिच्याकडे वळल्या. "म्हणजे ऐकू येत होतं तुला."

"रोज रात्री."

"मग तोंडाला काय कुलूप लावलं होतं?"

"त्यांनी शपथ घातली होती. म्हणायचे, आक्काला कळलं तर ती गाणं सोडून माझ्या उशाशी येऊन बसेल." भावजयीने पदराच्या टोकाला चिकटलेला कापूस काढला. "मी शपथ पाळली. चुकलंच माझं. पण तुम्ही मला कसली शपथ घातलेली नाही. उद्या दवाखान्यात चला."

"रविवार होऊ दे."

"उद्या."

"मोठी आलीस मला हुकूम सोडणारी," आक्का म्हणाल्या. आणि खाकरून सरळ बसल्या.

मास्तरांनी पेटी उघडली. ओळी सरकत गेल्या, शेवटची आली. आक्कांनी सूर लावला, होता तेवढ्या श्वासात तो नेला. तो संपत आला तसं त्यांनी भावजयीच्या बरगडीत कोपर मारलं. चांगलं जोरातच.

भावजयीने सूर उचलला.