खिडकीखालची चौतीस इंच जागा

"काकू, कपाट चाळीस इंच आहे. तुम्ही बेचाळीस लिहिलंय," ट्रकवाला म्हणाला.

उद्या सामान हलवायचं होतं. कुठली वस्तू ट्रकमध्ये कुठं बसेल, ते बघायला तो स्टीलचा टेप घेऊन आला होता. बायकोनं मोठ्या ऐटीत आपला मापांचा कागद त्याच्या हातात दिला होता. महिनाभर खपली होती ती त्या कागदावर.

"तुमचाच टेप चुकत असेल," ती म्हणाली.

त्यानं खाट मोजली, टेबल मोजलं. प्रत्येक माप कागदापेक्षा दोन इंचांनी कमी भरलं. "सगळीकडं दोन इंच जास्त. माझं काय, ट्रकमध्ये जागाच उरेल," असं म्हणून तो हसत निघून गेला.

बायको बांधलेल्या गाद्यांवर मटकन बसली. माझ्या डोक्यात प्रकाश पडायला थोडा वेळ लागला.

मी एकतीस वर्षं इस्पितळाची लिफ्ट चालवली. जन्मभर लोकांना वर-खाली पोचवलं, स्वतः कुठं गेलो नाही, हा माझा ठरलेला विनोद. मग छातीनं दगा दिला आणि डॉक्टर म्हणाले, समुद्राची हवा बघा. मुलगी समुद्रकाठच्या शहरात हॉटेलात नोकरी करते. लोक तिथं चार दिवस मजा मारायला जातात. आम्ही कायमचे निघालो होतो, आणि तेही माझ्या खोकल्यापायी.

मुलीनं आमच्यासाठी एक खोली बघून भिंतींची मापं कळवली. शिवणयंत्र ठेवण्याजोगी उजेडाची जागा एकच, खिडकीखाली, दाराच्या चौकटीपर्यंत चौतीस इंच. बायकोच्या कागदावर मशीन होतं पस्तीस इंच. तिनं ते तीनदा मोजलं होतं आणि तिन्ही वेळा पस्तीसच लिहिलं होतं.

"जाऊ दे ना," मी तेव्हा म्हणालो होतो, "किती दिवस शिवणार? डोळ्यांना जरा आराम दे." आज ते आठवलं की माझीच मला लाज वाटते. काल तिनं मशीन तिच्याकडं शिकलेल्या एका मुलीला देऊन टाकलं.

चाळीस वर्षं तिनं माणसं मोजली. टेप अंगाला लावायचा आणि लिहिताना शिलाईची माया म्हणून दोन इंच वाढवायचे, हे तिच्या इतकं अंगवळणी पडलेलं की विचार करावाच लागत नसे. कपाटालाही तिनं शिलाई सोडली होती, आणि मशीनलाही.

"तेहतीस होतं हो ते," ती म्हणाली. "इंचभर जागा उरली असती."

"मी जाऊन घेऊन येतो."

"दिलेलं परत मागायचं? काय तोंडानं?"

"चूक झाली म्हणून सांगू."

"चूक माझी. तिनं का भोगायची?"

तरी दुपारी आम्ही गेलोच. तेलाची कुपी द्यायची राहिली होती, हे निमित्त. वाटेत मी काय बोलायचं ते मनात घोकत होतो.

मशीन त्या मुलीच्या खिडकीपाशी मांडलेलं होतं. त्यावर शाळेचा एक गणवेश अर्धा शिवून ठेवला होता.

"काकू, बरं झालं आलात. हे माझं ऐकतच नाही बघा," ती म्हणाली. "तुमच्याकडं कसं मुकाट्यानं चालायचं."

बायको स्टुलावर बसली. तिनं पट्टा काढून आवळला, तेलाचे दोन थेंब सोडले आणि गणवेशाची एक बाजू सरळ मारून दिली. तिचा पाय हलताना बघून मला राहवेना. मी बोलायला तोंड उघडलं आणि नेमका खोकला सुरू झाला.

"काका, पाणी देऊ?"

बायकोनं माझ्याकडं पाहिलं आणि मान हलवली. नको, म्हणत होती ती. मला ते पाण्याबद्दल नाही, हे कळलं.

"पट्टा महिन्यानं बघत जा," उठताना ती त्या मुलीला म्हणाली. "आणि पाठीमागं उशी घे, नाहीतर कंबर जाते." कुपी तिनं मशीनच्या खणात ठेवली. तो खण तिनं न बघताच उघडला होता.

घरी आल्यावर ती मशीनच्या रिकाम्या जागेपाशी गेली. फळीच्या कडेनं भिंतीचा रंग घासून एक आडवी रेघ पडली होती. तिनं गळ्यातला टेप काढून रेघेला लावला.

"कागद घ्या. पस्तीस खोडा. तेहतीस लिहा."

"आता कशाला?"

"लिहा हो."

मी खोडलं आणि लिहिलं.

"तेहतीसच ना?"

"तेहतीसच."

तिनं टेप बोटांभोवती गुंडाळला. शिवणाचं बाकीचं सामान भरलेलं खोकं शेजारीच उघडं होतं. त्यात न टाकता तिनं तो हातातल्या पिशवीत, माझ्या औषधांशेजारी ठेवला.