अण्णांचा थोटा अंगठा

अण्णा कामाला वाघ, पण स्वभावाने महाकिरकिरे! गॅरेजात धाकट्या लेकीने बोल्ट आवळला की हे पाठोपाठ पाना लावून बघणार. तिने ऑइल पंपात व्हॅसलीन भरलं तरी वरून स्वतःचा अंगठा दाबणारच. तोही थोटा, कधीतरी पट्ट्यात सापडून टोक गेलेला. "लेकीवर भरवसाच नाही तुमचा!" म्हणून ती फणकारायची.

अण्णा गेले आणि गॅरेज तिच्या गळ्यात पडलं. एकटीने उघडलेलं पहिलंच इंजिन निघालं सख्ख्या ताईच्या जुन्या गाडीचं. ताईला तान्ह्या लेकीला घेऊन आजच घाट उतरायचा होता.

"झालं का गं?" बाळाला मागे निजवून ताईने किल्ली फिरवली. टक्. पुन्हा नुसतंच टक्. बॅटरी ठणठणीत, वायरी घट्ट. धाकटीने पुढच्या पुलीला पाना लावून जोर केला, तर ढिम्म! सकाळी हीच पुली हाताने फिरत होती. आता पलीकडून कुणीतरी धरून ठेवल्यासारखी.

तिला एकदम आठवलं. पंप! खोलून बसवलेला पंप कोरडा राहिला तर तेल ओढत नाही, म्हणून आधी व्हॅसलीन भरायचं. अण्णा मागून बघतीलच, या जुन्या सवयीने ती ते न भरताच पुढच्या कामाला लागली होती. इंजिन कोरडं फिरलं असतं तर आतून खरवडलं असतं, आणि ऐन घाटात जाम झालं असतं. ताई, बाळ, मागून येणारे ट्रक... तिला पुढचा विचारच करवेना.

पंप इंजिनाच्या बाहेरच्या अंगालाच बसवलेला होता. झाकण काढलं, तर आत खडखडीत कोरडं. तिने आतल्या चाकांच्या दात्यांच्या फटीफटीत व्हॅसलीन भरलं, अंगठ्याने दाबलं आणि झाकण पुसायला वळली. परत बघते तर तिच्या ठशावर दुसरा ठसा. रुंद, आखूड, टोक नसलेला.

"ताई, तू हात लावलास इथे?"

"मी कशाला लावू? मी इथेच बसलेय की!"

ती ओरडणार होती, पण रडूच फुटलं.

"बघा हो अण्णा, नीट बघा," ती पुटपुटली. "घाई नाही."

झाकण लावलं, तशी पुली हाताने अलगद फिरली. इंजिन लगेच सुरू झालं, तेलाचा लाल दिवा विझला आणि ताई बाळाला घेऊन निघाली.

धाकटी आजही बोल्ट आवळला की पाना त्यावर तसाच ठेवते आणि जरा बाजूला होऊन उभी राहते.