तातडी

आमच्या खोलीत दोन खाटा. एकीवर मी, म्हणजे रेडिओ, आणि दुसरीवर कुलूप. ही नावं बालगृहातल्या मुलींनी ठेवलेली. खरी नावं फायलीत झोपलेली असतात, साहेब लोक आले की तेवढी जागी होतात. मी पहिल्यापासून रेडिओ नव्हते हं. इथे आले तेव्हा वर्षभर माझ्या तोंडून शब्द फुटत नव्हता. मग समुपदेशक ताई दर गुरुवारी माझ्यासमोर बसू लागल्या, आणि त्यांनी माझं बटण असं काही फिरवलं की आता बंद कसं करायचं ते त्यांनाही कळत नाही. यंदा शाळेत वक्तृत्वात मी पहिली आले. जळणाऱ्यांनी खुशाल जळावं.

म्हणून मी कुलूपच्याही मागे लागले होते. "ताईंशी एकदा बोल गं. डोकं हलकं होतं."

डोळे मिटले की तिला आईची हाक ऐकू यायची. आई तर कधीच गेलेली. तरी हाक आली की ही उठून दाराशी जाऊन उभी.

"बोलेन की," ती म्हणायची. "पण नंबर लागायला नको?"

तीच तर गोम होती. ताईंकडे आणखीही बालगृहं होती, आमच्या वाट्याला फक्त गुरुवारची दुपार. ऑफिसबाहेरच्या बाकावर आम्ही ओळीने बसायचो. मग मोठ्या बाई, म्हणजे आमच्या अधीक्षिका, दारात येऊन विचारायच्या, "तातडीचं कोण?" हात कापून घेतलेली, पळून जाऊन सापडलेली, कुणाला चावलेली, अशा आधी आत. गप्प बसणाऱ्या पुढच्या गुरुवारी. कुलूप तर इतकी गप्प बसायची की ती बाकाचाच भाग वाटायची.

त्या गुरुवारी ती अगदी दारापाशी पोचली होती. तेवढ्यात जेवणघरात दोघींनी एकमेकींच्या झिंज्या उपटल्या आणि दोघी तातडीत गेल्या. मोठ्या बाई कुलूपच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, "तू शहाणी आहेस. तू थांबशील."

कुलूप उठली. पाण्याच्या पिंपावरचा स्टीलचा जग उचलला आणि ऑफिसच्या दुधी काचेवर घातला. चिडून नाही, दार वाजवावं तसा. मग जग होता तिथे ठेवला आणि बाकावर पहिल्या जागी येऊन बसली. आता आपला नंबर, अशा चेहऱ्याने.

काचेपलीकडे वॉचमन काका उभे होते. एक तुकडा त्यांच्या डोळ्यात गेला.

डोळा गेला म्हटल्यावर पोलिसांना कळवणं आलंच. कालपर्यंत कुलूप कागदोपत्री 'काळजीची गरज असलेली बालिका' होती, आता 'विधिसंघर्षग्रस्त', म्हणजे गुन्ह्यात सापडलेली, झाली. हा शब्द मला वक्तृत्वातसुद्धा एका दमात म्हणता आला नसता. बाल न्याय मंडळापुढे ठरायचं होतं ते एवढंच: ती आमच्याकडे, ताईंच्या गुरुवारात राहणार, की गुन्हा केलेल्या मुलींना ठेवतात त्या निरीक्षणगृहात जाणार. सगळं माझ्यासमोर घडलेलं, म्हणून मलाही नेलं. मला वाटलं, बोलायचंच तर आहे. त्यात आपला हात कोण धरणार?

न्यायाधीश मॅडमचा आवाज मऊ होता. "काच का फोडलीस, बाळा?"

"तातडीसाठी," कुलूप म्हणाली.

"कसली एवढी घाई? पळून जायचं होतं का?"

कुलूपने माझ्याकडे पाहिलं, मग फरशीकडे. झालं, बसलं कुलूप. कारकुनाने टाइप केलं: घाईत असल्याचे सांगते.

मी उभी राहिले. "मॅडम, घाई नव्हती. घाई असती तर ती इतके गुरुवार बाकावर बसली असती का? आमच्याकडे तातडीचा वेगळा नंबर असतो. काहीतरी मोडलं की तो लागतो. तिला ताईंना भेटायचं होतं, बास. काका तिथे आहेत हे तिला दिसलंच नाही."

मॅडमनी चष्मा काढला. त्यांना समजलं होतं. ते त्यांच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसत होतं, आणि तरीही.

"तुझं म्हणणं नोंदवून घेते," त्या म्हणाल्या. "पण एका माणसाचा डोळा गेलाय. तिला निरीक्षणगृहात जावं लागेल."

"मग तिथे तरी ताई आहेत का?"

शेजारच्या सदस्य सरांनी कागद उलटला. "समुपदेशकाचं पद मंजूर आहे."

"म्हणजे माणूस आहे ना?"

"पद मंजूर आहे," ते पुन्हा म्हणाले, या वेळी माझ्याकडे न बघता.

कुलूप तिथूनच गाडीत बसली. मी खिडकीशी गेले.

"आज गुरुवार ना?" तिने विचारलं. मी मान हलवली. गाडी निघाली.

मी परतले तेव्हा ताई दारात उभ्या होत्या. त्या दिवशी तातडीचं कुणीच नव्हतं. बाकावर पहिली जागा रिकामी होती.

"ती कुठाय?" ताईंनी विचारलं. मी सांगितलं. त्या बराच वेळ दाराची कडी नुसती वर-खाली करत राहिल्या. "तिकडे मला जाता येत नाही गं. ते माझ्याकडे नाही."

त्या आत गेल्या. बाकाच्या टोकाला आमची सगळ्यात धाकटी, टिकली, पाय हलवत बसली होती. नव्याने बसवलेली काच ती बोटाने चाचपत होती.

"रेडिओताई," ती म्हणाली, "ही काच जाड आहे का गं?"

मी तिच्या आणि काचेच्या मधे जाऊन बसले.