मंत्राच्या वेळी हात वर

माझ्यावरचा 'म' पुसला गेलाय, स्पेसबार एका बाजूनं खाली बसलाय आणि उजव्या कोपऱ्यात चहाचा जुना डाग आहे. तरी मित्रांनो, मला भंगार म्हणायची घाई करू नका. उधव्याच्या बाजारात हरिश्चंद्रमामांचं झेरॉक्स आणि रिचार्जचं दुकान आहे ना, त्या दुकानातला मी कीबोर्ड. नाशिकपासून ब्राझीलपर्यंत लोक जो गेम खेळले, त्याचा सगळ्यात गाजलेला नियम माझ्यामुळं झाला. जीवनला विचारा. तो आधी मान्य करत नव्हता, आता करतो.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला माहीत नाही. मला आठवतं ते वापीच्या एका दुकानातलं खोकं. मामांनी दुकानदाराला सांगितलं, "सगळ्यात स्वस्त दाखव, चालला म्हणजे झालं." ते २०१४ साल होतं. मी चाललो. जातीचे दाखले, सातबाऱ्याचे अर्ज, लग्नाच्या पत्रिका, सगळं माझ्यावरून गेलं. मामा एका बोटानं टाईप करायचे. अक्षर आधी शोधायचे, मग कोंबडीनं दाणा टिपावा तसं टिपायचे.

जीवन हा मामांचा भाचा. बारावी झाली आणि तो दुकानात बसायला लागला. त्याचा टाईप करायचा ढंग वेगळा. चिंचेच्या झाडाखालच्या पत्र्यावर चिंचा पडाव्यात तसा धडाधड आवाज, चार-पाच ओळी, आणि मग एकदम गप्प. भिंतीवरच्या पालीकडे बघत बसायचा. पाल हलली की परत धडाधड. गेम कसा बनवायचा हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. व्हिडिओ बघून, चुकून, परत बघून तो शिकला. मला त्याच्या चुका आधी कळायच्या, कारण बॅकस्पेस माझ्याकडेच आहे.

गेमचं नाव ठेवलं 'सात डोंगर'. सात डोंगर, प्रत्येकावर एक राक्षस आणि त्यांच्याशी लढणारे चौघं. चौघं का, तर दुकानात संध्याकाळी चौघंच असायचे. जीवन, त्याची बहीण निर्मला, तलासरी-उधवा टमटम चालवणारा बारक्या आणि काळी. काळी तलासरीला कॉलेजात जायची. गेममधली सगळी चित्रं तिनं काढलेली. डोंगर, झाडं, राक्षसांचे दात, सगळं तिचं.

कॉम्प्युटर एक, कीबोर्ड एक, माणसं चार. मग काय, वाटून घेतलं. बाणांची बटणं बारक्याकडे, तो चालवणार. ढाल निर्मलाकडे. मशाल जीवनकडे. आणि स्पेसबार काळीकडे, कारण मंत्र तिचा होता. राक्षस मेला तर मंत्रानंच मरायचा. माझ्यावर एकदम चार-पाच हात असायचे. बारक्याच्या हाताला डिझेलचा वास, निर्मलाच्या हाताला शेंगदाण्याचं मीठ. मला कधी इतकं भारी वाटलं नव्हतं.

पण पहिल्याच राक्षसापाशी भांडण झालं.

"माझा मंत्र गेलाच नाय," काळी म्हणाली. "मी दाबलेला."

"तू दाबलासच नाय," बारक्या म्हणाला. "चित्र बघत बसलीस. स्वतःच काढलेलं परत स्वतःच बघतेस."

"तुझ्या डोळ्यांदेखत दाबला. डोळे टमटममधीच ठेवून आलास काय?"

खरं सांगतो, काळीनं दाबलं होतं. मीच ते पोचवलं नाही. माझ्या आत प्लास्टिकचे पातळ पदर आहेत आणि त्यांवर रेघा. दोन बटणं दाबलेली असली की तिसऱ्याची रेघ कधी कधी त्यांच्यात अडकते आणि ते बटण मला ऐकूच येत नाही. स्वस्तातल्या बऱ्याच कीबोर्डांचं असंच असतं. बारक्या तिरका चालत होता, म्हणजे त्याची दोन बोटं खाली. मग काळीचं मला कसं ऐकू येणार?

जीवननं सगळ्यांना थांबवलं. "हात वर करा. सगळ्यांनी. आता काळी, तू एकटी दाब."

मंत्र गेला. राक्षस कोसळला.

"कॉम्प्युटरला असंच असतं," जीवन छाती काढून म्हणाला. "एक बोलत असला की बाकीच्यांनी गप बसायचं. तेव्हाच ऐकतो तो."

त्याला वाटलं, जगातल्या सगळ्या कीबोर्डांचा हाच कायदा आहे. दुसरा कीबोर्ड त्यानं पाहिलाच कुठं होता? मग त्यानं तो कायदा गेममध्येच लिहून टाकला. मंत्राच्या वेळी दुसऱ्या कुणाचंही बटण दाबलेलं असलं तर मंत्र फुकट. काळीनं त्यासाठी वेगळं चित्र काढलं. तिघं जण हात वर करून उभे आणि चौथी मंत्र म्हणतेय. त्या दिवसापासून दुकानात एकच आरोळी. काळी म्हणायची "हात वर", की तिघांचे सहा हात छताकडे. एकदा एक आजोबा दाखल्याची झेरॉक्स काढायला आले होते. त्यांनीही हातातला कागद ठेवून हात वर केले.

२०१६ ला जीवननं 'सात डोंगर' एका साईटवर टाकला. घरी बनवलेले गेम तिथं कुणीही टाकू शकतं, कुणीही फुकट खेळू शकतं. महिनाभर कुणी फिरकलं नाही. मग एकेक मत यायला लागलं. इंग्रजीतली मतं निर्मला मराठीत करून मोठ्यानं वाचायची. नाशिकचा एक जण लिहितो, "मंत्रासाठी थांबावं लागतं याचा आधी राग आला. मग भावाला शेजारी बसवलं. आता आम्ही रोज भांडतो आणि रोज खेळतो." ब्राझीलच्या बाईनं लिहिलं, की लढाईच्या मध्यात सगळे हात उचलून एकीचं ऐकतात, असा गेम तिनं कधी पाहिला नव्हता. बनवणाऱ्यानं फार खोल विचार केलाय, असंही तिनं लिहिलं.

जीवन लाजला. मी नाही लाजलो. तो खोल विचार माझ्या पोटात होता.

डहाणूच्या पीयूषनंही मत दिलं आणि मग बाईकवरून स्वतःच आला. त्याच्या घरची चिकूची वाडी. येताना चिकूची पिशवी आणली आणि दुसऱ्या भागासाठी भेट म्हणून एक नवा कीबोर्ड. काळा कुळकुळीत, बटणांखाली रंगीत दिवे.

"भाई, ह्यावर दहा बोटं एकदम टेकव," पीयूष म्हणाला. "दहाच्या दहा ऐकेल."

जीवननं टेकवली. ऐकली. परत टेकवली. मग तो पालीकडे बघत बसला, पण पाल हलली तरी त्यानं काही टाईप केलं नाही.

"म्हणजे खोट ह्याची होती," तो माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला. "आणि मी ती नियम म्हणून साऱ्या जगाला दिली."

"मग काय बिघडलं?" निर्मलानं विचारलं.

"लोक खोल विचार म्हणतात, निमू. हसतील उद्या."

त्यानं माझी वायर काढली, माझ्याभोवती गुंडाळली आणि मला झेरॉक्सच्या कागदांच्या गठ्ठ्यांवर, फळीवर ठेवलं. मित्रांनो, धूळ सगळ्यांवरच बसते, तिचं मला काही नाही. पण समोर दुसऱ्याच्या पाठीवर तेच चौघं बसतील, हे बघायची मी तयारी केली होती. तसंही झालं नाही. ते बसलेच नाहीत. दुसरा भाग जीवननं एकट्यानं केला. काळी चित्रं पेनड्राईव्हवर आणून द्यायची आणि जायची.

त्या दोन वर्षांत एकच गोष्ट तो घरी सांगत राहिला. उंबरगावच्या एका कंपनीत मामांनी त्याच्यासाठी शब्द टाकून ठेवला होता. "दुसरा भाग लोकांना आवडला तर गेमच करीन. नाय आवडला तर कॉम्प्युटर पुसून कंपनीत जाईन." मामा म्हणायचे, "पुसायच्या आधी माझे अर्ज तेवढे काढून ठेव."

'आठवा डोंगर' २०१९ च्या सुरुवातीला आला. दिसायला फार देखणा, ते मीही मान्य करतो. काळीनं समुद्र काढला होता, वरोरच्या किनाऱ्यावर जाऊन, बसून बघून काढलेला. आठव्या डोंगरावरचा राक्षस धुराचा होता, त्याला ते धुमाड्या म्हणायचे. आणि हात वर करायचा नियम जीवननं काढून टाकला होता. सगळ्यांनी सगळं एकदम दाबा, सगळं चालेल.

मतं यायला लागली. निर्मला वाचत होती आणि मी फळीवरून ऐकत होतो.

"समुद्र सुंदर. संगीत सुंदर. एका दुपारी संपवला. कुणाला बोलवायची गरज पडली नाही."

"वाच पुढचं," जीवन म्हणाला.

"पहिला भाग खेळताना आमच्या होस्टेलची अख्खी खोली ओरडायची. ह्या वेळी शेजारचा म्हणाला, तू खेळ, मी बघतो. थोड्या वेळानं तो मोबाईल बघत होता."

"पुढचं."

नाशिकवाल्यानं एवढंच लिहिलं होतं, "भाऊ विचारतो, हात वर कधी करायचे?"

जीवननं उत्तरं द्यायला घेतली. धडाधड. तुम्हाला चांगलं कळत नाही, पहिल्यात चूक होती, मी ती सुधारली, चूक आवडते का तुम्हाला? मग सगळं खोडलं. निर्मला त्याच्याकडे बघत होती. तिनं फोन काढून बारक्याला आणि काळीला दुकानात बोलावलं.

"तुम्ही खेळा," जीवन त्यांना म्हणाला. "तुम्ही सांगा. बाहेरच्यांचं सोडा."

बारक्या, निर्मला आणि काळी बसले, त्या दिव्यांच्या कीबोर्डवर, आपापल्या जागी. मशाल जीवननं घेतली. चहावाल्यानं ग्लास आणून ठेवले आणि त्यातली वाफ विरायच्या आत धुमाड्या मेला.

"झाला?" काळीनं विचारलं.

"झाला. बघ ना कसा फुटला."

"फुटला ते दिसलं. मी मंत्र कवा म्हटला?"

"मधीच. तू दाबत होतीस की."

"मी दाबला काय नि नाय दाबला काय, बारक्याची ही नवी तलवार चालूच होती, तिनंच मेला तो. मला कशाला बोलावलंस? चित्रं पेनड्राईव्हवर दिली होती ती पुरली असती."

बारक्या हळूच म्हणाला, "टमटममधी दहा पॅसेंजर बसतात ना, तसं झालं. सगळे एका गाडीत, पण कोण कोणासंगं नाय."

जीवनचा आवाज चढला. "तुम्हाला त्या डबड्याची सवय लागलीय. ते खोटं आहे, कळत नाय का? बिघडलेलं आहे."

"मग काढ ते डबडं," काळी म्हणाली.

 निर्मलानंच स्टुलावर चढून मला खाली काढलं. ओढणीनं पुसलं. वायर सोडली, जोडली. माझा छोटा हिरवा दिवा लागला.

पुन्हा आठवा डोंगर. बारक्या तिरका पळाला, त्याची दोन बोटं माझ्यावर घट्ट, त्यात त्याची स्वतःची तलवारही अडकली. काळीनं स्पेसबार दाबला. मी ऐकलं नाही. मुद्दाम नाही, मी आहेच तसा. तिनं परत दाबला. धुमाड्या अंगावर येत होता. आणि काळीच्या तोंडातून, ठरवून नव्हे, आपोआप निघालं, "हात वर."

सहा हात छताकडे गेले. जीवनचेही. मंत्र गेला.

पण पहिल्या भागातले राक्षस सावकाश यायचे, हा धुमाड्या कुणासाठी थांबत नव्हता ना. तिघं हात वर करून उभे, चौथी मंत्र म्हणतेय, आणि तो संपायच्या आत त्यानं चौघांना एका फुंकरीत झोपवलं. आधी बारक्या हसला. मग सगळेच असे हसले, की मामा गिऱ्हाईक सोडून बघायला आले.

"परत," काळी म्हणाली.

परत मेले. आणखी एकदा मेले. निर्मला ढाल उशिरा घेते म्हणून बारक्या तिला ओरडला, बारक्या बोट उशिरा उचलतो म्हणून काळी त्याला. ज्या गेममध्ये मघाशी चहा थंड व्हायच्या आत ते जिंकले होते, त्यात आता ते दर वेळी हरत होते आणि कुणीच उठत नव्हतं. जीवन मात्र मशाल सोडून त्यांच्याकडे बघत होता. त्याचे हात अजून वरच होते.

"धुमाड्याला पण थांबावं लागेल," तो स्वतःशीच म्हणाला.

"तो कशाला थांबेल? राक्षस आहे तो," बारक्या म्हणाला.

"ऐकायला थांबेल. तिघांनी हात उचलले की राक्षसाला पण वाटेल, ही काय बोलतेय ते ऐकूया."

काळीनं त्याच्याकडे पाहिलं. "मग मला त्याचे कान काढायला लागतील. धुराचे कान. आत्ताच सांगते, वेळ लागेल."

"लागू दे."

मग माझ्यावर ते सुरू झालं. धडाधड, गप्प, पाल, धडाधड. नवा कीबोर्ड पीयूषला परत द्यायचा नव्हता, तो मामांच्या अर्जांना दिला. एका बोटानं टिपणाऱ्या मामांना रंगीत दिवे फार आवडले. माझ्यावर बसून जीवननं जुना नियम परत लिहिला आणि त्याच्याखाली नवा. पावसाआधी 'आठवा डोंगर' पुन्हा साईटवर चढला. सोबत जीवननं खरं तेच लिहिलं. हा नियम आमच्या स्वस्त कीबोर्डमुळं झाला, मला वाटलं सगळे कीबोर्ड असेच असतात. लाज वाटली म्हणून काढला होता. परत ठेवतोय, कारण आम्हाला त्याच्याशिवाय एकत्र खेळता येत नाही.

कुणी हसलं नाही. होस्टेलवाल्यानं लिहिलं, "खोली परत ओरडायला लागली." ब्राझीलची बाई म्हणाली, धुमाड्या कान उघडून थांबला तेव्हा तिची मुलगी खुर्चीवर उभी राहिली. नाशिकवाल्याच्या भावानं स्वतःच लिहिलं, त्याला दोन्ही हात वर करून टाईप करता येत नाही म्हणून मत छोटं आहे. उंबरगावच्या कंपनीत जीवननं येत नाही असा निरोप पाठवला. मामा नाराज झाले, मग संध्याकाळी त्यांनीच विचारलं, नवव्या डोंगरावर काय आहे.

मित्रांनो, मी आता थकलोय, पण वायरला आहे. माझ्यासारखा कुणी तुमच्या घरी पडला असेल तर त्याची वायर लगेच तोडू नका. धूळ पुसा, बटणांत चहा सांडू देऊ नका, आणि टाकायच्या आधी एकदा चौघांनी मिळून त्याच्यावर बसून बघा. त्याच्यात काही खोट सापडली तर ती दुरुस्त करा, जरूर करा. फक्त त्याआधी एवढं बघा, की त्या खोटीमुळं तुम्ही कुणासाठी थांबायला शिकला होतात का.

चला, शटर अर्धं खाली आलंय. बारक्याची टमटम बाहेर लागली. काळी आलीय, म्हणजे आता कुठल्याही क्षणी मला सगळ्यात आवडते ते दोन शब्द ऐकू येतील, आणि थोडा वेळ माझ्या अंगावर एकच हात उरेल.