पाटावरच्या फळ्या

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून तेरेसिताने शिवणाचं मशीन थांबवून फोनवरचा खेळ उघडला, आणि पाहते तर पाट गोठलेला.

तैवानच्या कारखान्यात असलेली धाकटी बहीण जोवेलिन आणि ती, दोघींनी ठोकळे रचून त्या बर्फाळ डोंगरावर घर बांधलं होतं. उघडं पाणी तिथे गोठतं, म्हणून गव्हाला पाणी देणारा पाट त्यांनी फळ्यांनी झाकलेला. आता मधल्या फळ्या गायब होत्या, आणि काठची जमीन कोरडी पडली होती.

त्या खेळात जवळ कुणी असल्याशिवाय पाणी गोठत नाही. म्हणजे जोवेलिन येऊन गेली होती. ‘तू आईला माझ्याशी बोलूच देत नाहीस,’ असं ती ख्रिसमसला व्हिडिओ कॉलवर सगळ्यांदेखत बोलली, तेव्हापासून दोघींचा अबोला होता. बोलायचं नाही, पण नासधूस करायला यायचं!

तेरेसिताने बर्फ फोडला, फळ्या बसवल्या. दोन दिवसांनी पुन्हा तेच.

“बर्फ ना? आण की घरी, किसून, दूध-साखर घालून हालो-हालो करून खाऊ,” जेवताना तिचा नवरा नोनोय म्हणाला. एरवी जावयाच्या फुसक्या विनोदालाही खळखळून हसणारी आई आज खाली मान घालून भात चिवडत राहिली. तेरेसिताच्या ते नजरेतून सुटलं नाही.

दुसऱ्या दुपारी ती खेळात टेकाडाआड दबा धरून बसली. पिवळ्या टोपीतली जोवेलिन आली आणि फळ्या फोडू लागली. तेरेसिताने तडक फोन लावला.

“सापडलीस! काय वाकडं केलंय गं त्या पाटाने तुझं?”

“मनांग? अगं ताई, मी त्यात मासे सोडलेत. झाकलेले कसे दिसणार?”

“कुणाला दिसायचेत?”

जोवेलिनच्या मागून, दुसऱ्या कुठल्यातरी फोनमधून, आवाज आला, “इंदाय, पोरी, तो लाल मासा कुठे गेला गं?”

आईचा आवाज. आणि आईकडे तर फोनच नव्हता.

“मनांग, नोनोय भावजींना रागावू नकोस,” जोवेलिन घाईघाईने म्हणाली. “आईला फोन द्यायची मीच गळ घातली त्यांना.”

“फळ्यांच्या जागी काच लाव,” तेरेसिता कोरडेपणाने म्हणाली. “मासेही दिसतील, पाणीही गोठणार नाही.”

दुकान बंद करून ती घरी गेली. नोनोय दारातच उभा होता. “आज लवकर?”

“तुझ्या फोनवर दोघी रोज काय बोलतात?”

“मासे बघतात फक्त.”

“फक्त?”

तो आत जाऊन भाताचं भांडं उघडून बघायला लागला.

आतल्या खोलीत आई डोळे मिटून पडली होती. झोपली नव्हती, हे उघड होतं. तेरेसिता खाटेवर टेकली. “माझ्या फोनवरून बोलत जा ना तिच्याशी.”

“तू समोर बसणार असशील तर नको,” आई डोळे न उघडता म्हणाली.

सकाळी आपला फोन आईच्या उशाशी ठेवून तेरेसिता दुकानात गेली. दिवसभरात तिने एकच बाही शिवली, तीही उलटी.