हवामान महासंघाचं टेबल

आमच्या हवामान महासंघात नवी संस्था दाखल झाली की टाळ्या होतात आणि टेबल हातभर वाढतं. सुताराला बोलवावं लागत नाही. ते द्वारकाबाईंच्या टोकाने वाढतं, कारण पहिल्याच दिवशी आम्ही त्यांना सन्मानाने अध्यक्षांच्या समोरच्या टोकाला बसवलं होतं.

तो सोमवार होता आणि संस्था तीन होत्या. द्वारकाबाई म्हात्रे कुरणखारहून आल्या होत्या. त्यांच्या गावच्या खाडीबांधाला सोळा हातांची खांड पडली होती आणि तिच्यातून भरतीचं पाणी शेतात शिरत होतं.

"शनवारी आवस हाय," त्या म्हणाल्या. "उधान येल. त्याचे आधी खांड बुजवली नाय, त गाव जाईल. तुमी यक कागद द्या, बस."

सरकारी कचेरीने त्यांना बजावलं होतं, सगळ्या संस्थांचं एकत्र निवेदन आणा, खाली तुमची सही करा, मग बघू. मी महासंघाचा चिटणीस. तिथल्या तिथे चार ओळी लिहिल्या. बांधाला खांड पडली आहे, शनिवारच्या आत बुजवा. खाली तीन लोगो. द्वारकाबाईंची सही तेवढी राहिली होती.

"छान आहे," अध्यक्ष गुर्जर सर म्हणाले. "पण तीनच संस्था? पाठबळ दिसायला हवं."

मंगळवारी संस्था अकरा झाल्या. सायकल मंडळ आलं, गच्चीवर वांगी लावणारे आले. द्वारकाबाईंशी बोलायला आवाज चढवावा लागू लागला. आमच्यात रिवाज असा, की एखाद्या शब्दाला एका जरी सदस्याचा आक्षेप असला तर तो शब्द जातो. आधी 'बांध' गेला, कारण तो निसर्गस्नेही उपाय नाही, असं खारफुटीवाल्यांचं म्हणणं पडलं. मग 'शनिवार' गेला, कारण हवामानबदल ही दीर्घकालीन प्रक्रिया आहे. दोन्ही मुद्दे बिनतोड होते. मी तसं इतिवृत्तात लिहिलं.

लोगो मात्र कागदाच्या तळातून वर चढत होते. बुधवारी दोन ओळी त्यांच्याखाली गेल्या.

गुरुवारी टेबल भिंतीतून बाहेर गेलं. भिंतीने हरकत घेतली नाही, ती बहुधा सदस्य नसावी. द्वारकाबाई आता मुगाएवढ्या दिसत होत्या. त्यांचं म्हणणं खुर्चीगणिक पुढे यायचं आणि प्रत्येक जण त्यात किंचित सुधारणा करायचा. माझ्या शेजारच्या बाई वाकून म्हणाल्या, "तळागाळात ओलाव्याविषयी चांगली जागृती आहे."

"मुळात काय म्हणाल्या त्या?"

"मूळ तिकडेच असेल, बघा."

शुक्रवारी सकाळी मी कागद उचलला आणि सही आणायला निघालो. टेबलाच्या कडेकडेने दुपारपर्यंत चाललो. मधेच चप्पल चपचपू लागली. पुढे टेबलाच्या पायांना कालवं चिकटलेली होती. द्वारकाबाई खुर्चीत मांडीपर्यंत पाण्यात बसल्या होत्या, पदर खोचून.

"आलास क भाऊ? पेन हाय ना?"

मी पेन दिलं. त्यांनी कागदासाठी हात पुढे केला. एवढ्यात मागे, फार लांब, टाळ्या झाल्या. त्यांची खुर्ची हातभर मागे गेली.

"ऱ्हाऊ दे, यक हातच हाय," त्या म्हणाल्या.

मी पुढे सरलो. पुन्हा टाळ्या झाल्या. मी पळालो. पाण्यात पळता येतं तेवढा पळालो, आणि टाळ्या थांबेनात. त्या दिवशी डॉक्टरांची संघटना तालुकावार दाखल होत होती.

"तुमचे मानसांना जरा थांबाया सांग ना," द्वारकाबाई म्हणाल्या. त्या ओरडल्या नाहीत. तेवढं ऐकू येण्याइतक्या त्या अजून जवळ होत्या.

तेव्हाच खुर्चीगणिक निरोप आला, की चिटणीस जागेवर नसल्याने गणपूर्ती मोडते आहे. मी परत फिरलो. परतीला रस्ता फारच थोडा निघाला.

शनिवारी निवेदन एकमताने मंजूर झालं. कागदावर दोनशे सहा लोगो होते. ओळ एकही नव्हती, त्यामुळे आक्षेपही नव्हता.

"सही?" मी विचारलं.

"येईल हो," गुर्जर सर म्हणाले.

मग भिंतीच्या पलीकडून पाणी आलं आणि पाण्यावर द्वारकाबाईंची खुर्ची आली. सावकाश आली. सगळ्यांनी पाय वर घेऊन तिला वाट दिली. माझ्यापाशी येऊन ती थांबली. तिच्यावर माझं पेन होतं, टोपण नीट लावलेलं.

"बरं झालं," सर म्हणाले. "दाराशी नवी संस्था उभी आहे. एक खुर्ची कमीच पडत होती."

मी रुमालाने खुर्ची पुसली. टाळ्या झाल्या. त्या टोकाला आता कोणी नव्हतं, म्हणून टेबल माझ्या आणि सरांच्या मधे हातभर वाढलं.